घराला द्यायचे ते ठरवून द्या

कमावत्या माणसाच्या पैशावर घरच्यांचा हक्क किती, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा उघडपणे विचारला जात नाही. विचारला जात नाही म्हणून तो सुटतही नाही. दर महिन्याला नव्या रूपात समोर येतो. पगार जमा झाला की धाकट्या भावाची फी असते, गावच्या घराचे पत्रे बदलायचे असतात, चुलत बहिणीच्या लग्नातला आहेर असतो, दाजींच्या दुकानात माल भरायचा असतो आणि मामा पतसंस्थेचा अर्ज घेऊन जामिनाच्या सहीसाठी आलेले असतात. यातली कोणतीही मागणी वेगळी काढून पाहिली तर गैर वाटत नाही, आणि म्हणूनच ती नाकारता येत नाही. वर्षाअखेरी बेरीज केली की दिसते ते असे: देणाऱ्याची शिल्लक उरलेली नाही, घेणाऱ्यांपैकी कुणाची अडचण कायमची मिटलेली नाही आणि दोन्ही बाजूंच्या मनात कडवटपणा साचला आहे. माझ्या मते हा दोष मदतीचा नाही, ती न ठरवता दिल्याचा आहे. स्वतःच्या पैशावर ताबा मिळवणे आणि घरच्यांशी मर्यादा आखणे यांना आपण दोन वेगळी कामे समजतो. प्रत्यक्षात काम एकच आहे. घरासाठी किती, कशासाठी आणि कोणत्या तारखेला द्यायचे हे मागणी येण्याआधी ठरवले की दोन्ही साधतात.

असे ठरवण्याची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पुढच्या काळात कोकणातली व घाटावरची कितीतरी घरे मुंबईच्या गिरण्यांतून आणि गोदीतून आलेल्या मनीऑर्डरींवर चालली. गिरणीतला माणूस पगार झाला की खानावळीचे पैसे चुकते करायचा, खोलीभाड्यातला आपला वाटा द्यायचा आणि गावी पाठवायची रक्कम फॉर्मवर लिहायचा. जादा पैशांची मागणी पत्राने यायची आणि पत्र पोचून त्याचे उत्तर जाईपर्यंत बरेच दिवस जायचे. तेवढ्या वेळात विचार करता यायचा, गाववाल्यांशी बोलता यायचे, घरच्यांनाही दुसरी एखादी वाट शोधावी लागायची. मर्यादा कुणी मुद्दाम आखली नव्हती, ती त्या व्यवस्थेतच होती. २०१६ मध्ये यूपीआय आले. आता मागणी फोनवर येते आणि बोलणे संपायच्या आत पैसे पोचलेले असतात. अपघातात, आजारपणात ही सोय मोलाची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मागणे आणि देणे यांतले अंतर मिटले तशी विचार करायची सवडही गेली. ती आता ज्याने त्याने स्वतःच काढायला हवी.

आधी स्वतःचा हिशेब

घरच्यांशी बोलण्याआधी स्वतःचे आकडे माहीत हवेत. बँकेचे वर्षभराचे खातेउतारे काढा. दोन-तीन महिन्यांचे पुरत नाहीत, कारण गणपती, दिवाळी, लग्नसराई, जूनमधला शाळांचा खर्च आणि विम्याचे वार्षिक हप्ते त्यात सापडत नाहीत. प्रत्येक खर्च चारपैकी एका रकान्यात टाका: स्वतःचा राहण्या-जेवणाचा खर्च, कर्जाचे हप्ते, बचत व विमा, आणि घरच्यांसाठी गेलेले पैसे. चौथ्या रकान्यात फक्त खात्यावर पाठवलेले पैसे धरून भागत नाही. भावाचे रिचार्ज, गावच्या घराचे वीजबिल, तुमच्या क्रेडिट कार्डावर दुसऱ्याने घेतलेला फोन, तुमच्या नावावरच्या कर्जातून दुसऱ्याने घेतलेली मोटारसायकल, हे सगळे तिथेच येते. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला घरून तुम्हाला काय मिळते तेही लिहा. आई तुमची मुले सांभाळते का? वडिलांच्या घरात राहत असल्याने भाडे वाचते का? गावाहून वर्षाचे तांदूळ, ज्वारी, डाळ येते का? गावी राहिलेला भाऊ आई-वडिलांचे दवाखाने करतो का? या गोष्टी पैशांत मोजणे अवघडल्यासारखे वाटेल. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला नाही तर तो खरा हिशेब होत नाही, ती फक्त तक्रार होते.

याच वेळी आपला क्रेडिट रिपोर्टही काढून पाहा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तुमच्या नावावर कोणती कर्जे आहेत, तुम्ही कुठे सहकर्जदार आहात, कुठे जामीनदार आहात आणि कुठला हप्ता थकला आहे, हे त्यात दिसते. पूर्वी कधीतरी केलेली आणि आता विस्मरणात गेलेली सही त्यात सापडू शकते. ती आजच समजलेली बरी. घरकर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावर समजून उपयोग नसतो.

कर्तव्य, मदत आणि जोखीम

घरच्या सगळ्या मागण्यांना आपण एकाच भावनेने सामोरे जातो, तिथे गोंधळ होतो. वास्तविक त्या तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी असते. पहिला प्रकार कर्तव्याचा. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-वडील, पती किंवा पत्नी आणि अज्ञान मुले यांची जबाबदारी ऐच्छिक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये पत्नी, मुले आणि आई-वडील यांच्या निर्वाहाची तरतूद आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली न्यायाधिकरण मुलांना दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा आदेश देऊ शकते. या तरतुदींत एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. कायदा ‘असेल तेवढे सगळे द्या’ असे म्हणत नाही. एकाची गरज आणि दुसऱ्याची ऐपत पाहून आकडा ठरवतो आणि तो दर महिन्याला द्यायला सांगतो. निरुपायाने कोर्टात गेलेल्या माणसाच्या बाबतीतही ज्याला आकडा आवश्यक वाटतो, तो आकडा प्रेमाने चाललेल्या घराने आपणहून ठरवला तर त्यात अपमान कसला?

उदाहरणादाखल एक मांडणी पाहू. समजा हातात पगार ४५ हजार येतो. भाडे, जेवण, प्रवास आणि फोन मिळून २२ हजार जातात, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ६ हजार आहे. उरले १७ हजार. त्यातले ७ हजार बचत आणि विम्यासाठी आधी बाजूला काढले तर १० हजार घरासाठी राहतात. हे १० हजार एकगठ्ठा ‘घरचे’ म्हणून ठेवू नका. ७ हजार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आई-वडिलांच्या खात्यात आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. उरलेले ३ हजार वेगळ्या खात्यात साठवा. वर्षाला ३६ हजार होतात. या खात्याला घरनिधी म्हणू. आहेर, भावाची फी, बहिणीचे बाळंतपण, अचानक आलेली मागणी, हे सारे इथून होईल. निधीत असेल तेवढे मोकळ्या मनाने द्यायचे. नसेल तर ‘सध्या नाही’ असे सांगायचे. बचतीचे ७ हजार घरच्यांपासून लपवून ठेवलेला पैसा आहे असे समजू नका. नोकरी गेली किंवा स्वतः आजारी पडलात तर घराला तारणारा पैसा तोच असतो. किमान सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम जमेपर्यंत तिला कुणासाठीही हात लावू नये. तुमच्यावर अवलंबून असणारे घरात असतील तर मुदतीचा विमा घ्या. विवाहित पुरुषाने तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे घेतला तर पुढे त्याच्या धनकोंना त्या पैशावर सहसा हक्क सांगता येत नाही.

आई-वडिलांच्या बाबतीत सगळ्यात मोठी आणि सगळ्यात अनिश्चित बाब आजारपणाची. इथे रोख साठवण्यापेक्षा आधी कागद पूर्ण करणे अधिक उपयोगाचे ठरते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. कार्ड काढणे, आधार आणि शिधापत्रिकेवरील नावे जुळवून घेणे, जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे याची चौकशी करणे, ही कामे एखाद्या सुट्टीत गावी जाऊन करता येतात. आरोग्यविमा घ्यायचा असेल तर तो आई-वडिलांचा वेगळा घ्या. मध्यरात्री ‘दोन लाख भरा’ असा फोन आल्यावर मर्यादेची चर्चा करता येत नाही. म्हणून त्या फोनची तयारी आधीच करायची असते.

दुसरा प्रकार ऐच्छिक मदतीचा. भावंडांचे शिक्षण, लग्नकार्य, घराची दुरुस्ती, कुणाच्या धंद्याला हातभार. इथे स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे पैसे परत आले नाहीत तरी मी या माणसाशी पूर्वीसारखा बोलू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर ते देणे म्हणूनच द्या आणि तसे स्पष्ट सांगा. उत्तर ‘नाही’ असेल तर रक्कम ‘हो’ येईल इतकी खाली आणा, नाहीतर तो व्यवहार उसनवारीचा आहे हे मान्य करून कागदावर आणा. हातउसने म्हणून दिलेले आणि परतीची तारीख न ठरलेले पैसे कोर्टातून वसूल करण्याची मुदत ते दिल्यापासून तीनच वर्षांची असते. त्या मुदतीत घेणाऱ्याने लेखी कबुली दिली तर ती पुन्हा नव्याने मोजली जाते. शिवाय २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. म्हणून उसने द्यायचे ते खात्यातूनच द्या आणि साध्या मराठीत दोन ओळी लिहून घ्या: किती, कधी, परत कसे. भेट म्हणून देतानाही एक बारकावा लक्षात ठेवावा. आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना दिलेल्या भेटीवर कर लागत नाही. चुलत, मामे, मावस भावंडे मात्र आयकर कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत नाहीत. लग्नातला आहेर सोडला तर अशांकडून वर्षभरात ५० हजारांहून अधिक मिळालेली सारी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते.

सही करण्यापूर्वी

तिसरा प्रकार जोखमीचा, आणि घरे सर्वाधिक बुडतात ती इथे. मदतीत दिलेला पैसा गेला तर तेवढाच जातो. सही केली तर किती जाईल याचा अंदाज सही करताना नसतो. जामीनदाराबद्दल आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे. कर्जदाराने नाहीच भरले, त्याची मालमत्ता विकूनही भागले नाही, तरच आपल्याकडे येतील, असे लोक धरून चालतात. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ वेगळे सांगते. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सारे मार्ग संपवा आणि मगच जामीनदाराकडे जा, असे बंधन धनकोवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात पतसंस्था आणि सहकारी बँकांची कर्जे गावोगावी पसरलेली असल्याने हे इथे फार जवळचे प्रकरण आहे. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्थेला निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि ती थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. पगारदार पतसंस्थेत तर कर्जाच्या कागदांसोबत पगारातून कपात करण्याचे संमतिपत्रही लिहून दिलेले असते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यापोटी पगारावर जप्ती आली तर पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुटतो. बाकीचा जाऊ शकतो.

जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायदा देतो, हे खरे. पण ज्याच्याकडून संस्थेला वसूल करता आले नाही, त्याच्याकडून भाच्याला किंवा मेहुण्याला किती मिळणार? आणि एकदा कर्ज उचलले गेले की नुसते पत्र लिहून जामिनातून मोकळे होता येत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार किंवा तारण मान्य करून सोडले तरच सुटका होते. म्हणून नियम सरळ ठेवा: जे कर्ज उद्यापासून स्वतः फेडायची तयारी आहे, तेवढ्यालाच जामीन राहायचे. तयारी नसेल तर सही नाही, मग विचारणारा कुणीही असो. हाच नियम सहकर्जदार होण्याला, दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढण्याला आणि कोरा धनादेश देण्याला लागू आहे. न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. धनादेश कुणासाठी दिला होता याला तिथे फारसे महत्त्व उरत नाही. बहिणींपुढे ठेवल्या जाणाऱ्या हक्कसोडपत्रालाही हाच सावधपणा हवा. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. तो सोडायचा असेल तर खुशाल सोडावा, पण मालमत्ता कोणती, किती आणि काय किमतीची हे पाहून, घरी नेऊन वाचून आणि हवा तेवढा वेळ घेऊन.

कमावती मुलगी, कमावती सून

मर्यादेचा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत एक पायरी मागे सुरू होतो, कारण पुष्कळदा पैसा त्यांच्या हातात पोचलेलाच नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ७९ टक्के स्त्रियांनी आपले स्वतः वापरत असलेले बँक खाते आहे असे सांगितले. पण आपण स्वतः ठरवून खर्च करू शकू असा पैसा आहे असे सांगणाऱ्या मात्र जवळपास निम्म्याच होत्या. खाते आहे आणि पैसा नाही, यातली ही मोठी दरी आहे. पगार तिच्या नावे जमा होतो, एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते आणि ओटीपी त्याच्या फोनवर येतो, अशा घरात ताबा मिळवण्याची पहिली पायरी म्हणजे खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडणे आणि कार्ड व पिन स्वतःकडे ठेवणे. घरखर्चातला वाटा द्यायचाच आहे. तो आपल्या हाताने, ठरलेल्या रकमेने द्यायचा. लग्नात मिळालेले दागिने आणि भेटी हे स्त्रीधन आहे आणि ते पूर्णपणे तिच्या मालकीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. ते सांभाळायला दिले तरी मालकी बदलत नाही.

‘सुनेने माहेरी पैसे का पाठवायचे?’ हा प्रश्न अजूनही बऱ्याच घरांत विचारला जातो. त्याला महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात उत्तर मिळालेले आहे. डॉ. विजया अरबट यांच्या प्रकरणात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की स्वतःची मिळकत असलेल्या विवाहित मुलीवरही निर्वाहाचे साधन नसलेल्या आई-वडिलांची जबाबदारी असते. मुलगी लग्न होऊन गेल्याने ती संपत नाही. तेव्हा पती-पत्नी दोघे कमावत असतील तर दोन्ही घरांसाठी आकडा ठरला पाहिजे, आणि तो एकाच बैठकीत ठरला पाहिजे. दोन्हीकडे सारखीच रक्कम जावी असे नाही. दोन्हीकडची गरज सारख्याच आदराने पाहिली जावी. जिथे पगार हिसकावून घेतला जातो, दागिने परत दिले जात नाहीत किंवा खर्चायला पैसेच दिले जात नाहीत, तिथे हा घरगुती चर्चेचा विषय राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळाचा स्पष्ट समावेश आहे. १८१ या क्रमांकावर किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे मदत मागता येते.

सांगायचे कसे

आकडा ठरला, पण तो मनातच राहिला तर त्याचा उपयोग नाही. तो सांगण्याची वेळ महत्त्वाची असते. मागणी समोर असताना सांगितला तर तो त्या माणसाला दिलेला नकार ठरतो. सगळे निवांत असताना सांगितला तर घराचा नियम होतो. सुरुवात देण्यापासून करावी: “आई, दर महिन्याच्या ५ तारखेला ७ हजार तुझ्या खात्यात येतील. तुला आठवण करावी लागणार नाही.” नंतर भावाला: “दादा, घरनिधीत आत्ता ११ हजार आहेत. त्यातले ८ मी तुला देतो, ते परत करू नकोस. त्यापुढचं माझ्याकडून होणार नाही.” जामिनाच्या बाबतीत: “मामा, मी कुणालाच जामीन राहत नाही. पण तुमच्याबरोबर बँकेत येतो, कागद वाचून देतो, व्याजाचा हिशेब करून देतो.” कारणांची लांबण लावू नये. दिलेल्या प्रत्येक कारणावर समोरून तोड सुचवली जाते आणि बोलणे वादावर येते. दुसरी एक गोष्ट पुरुषांनी कटाक्षाने पाळावी: ‘हिला विचारून सांगतो’ म्हणत नकार बायकोच्या माथी मारू नये. त्यातून वाचलेले चार पैसे तिला वर्षानुवर्षे वाईटपणाने फेडावे लागतात. आपल्या माणसांना आपणच सांगावे. आणि दवाखान्याचे काम सोडून बाकी कोणत्याही मागणीला ‘उद्या सांगतो’ हे उत्तर कायम ठेवावे. एका रात्रीत भीड ओसरते आणि गरज खरी असेल तर ती सकाळीही तशीच असते.

घेतले जाणारे आक्षेप

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येईल की ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले, त्या आई-वडिलांशी कसला हिशेब? आक्षेपातली भावना खरी आहे. पण न ठरवता देण्यात सगळ्यात जास्त अवघडलेपण कुणाच्या वाट्याला येते ते पाहा. पैसे संपले की वडिलांना मुलाला फोन करावा लागतो, इकडचे तिकडचे बोलावे लागते आणि शेवटी मागावे लागते. ठरलेल्या तारखेला येणाऱ्या रकमेसाठी मागावे लागत नाही. औषधे, दूध, वाणसामान यांची आखणी तिच्यावर करता येते. ज्यांच्या ऋणात आपण आहोत त्यांना मागायची वेळ येऊ न देणे, हीच ऋणाची अधिक चांगली जाणीव आहे. हीच मर्यादा आई-वडिलांनीही मुलांशी आखावी. निवृत्तीचा फंड मुलाच्या फ्लॅटसाठी पूर्ण देऊन टाकू नये आणि राहते घर हयातीत बक्षीसपत्राने लिहून देण्याची घाई करू नये. मृत्युपत्र पुरेसे असते. द्यायचेच असेल तर सांभाळण्याची अट दस्तात लिहावी. अट मोडली गेली तर २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द करून मागता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निवृत्तिवेतन नाही, बेकारी भत्ता नाही, अशा देशात नातीच आपला विमा आहेत. त्यांना मर्यादा घातल्या तर उद्या आपल्यासाठी कोण धावेल? हे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच मर्यादा हव्यात. जुन्या एकत्र कुटुंबात पैसा सामाईक होता, पण तो कर्त्याच्या हाती होता. कोणाचे लग्न या वर्षी, विहीर कधी, कुणाचे शिक्षण कुठवर, हे तो ठरवायचा. त्याचे निर्णय अन्यायाचेही असत, पण निर्णय होत. आज सामाईक तिजोरी राहिलेली नाही, कर्ता राहिलेला नाही, आणि तरीही प्रत्येकाच्या पगाराकडे सामाईक तिजोरी म्हणून पाहिले जाते. त्यात जामिनाची साखळी आली की एका भावाचा धंदा बसल्यावर दुसऱ्याचाही पगार अडकतो. म्हणजे संकटात धावून येऊ शकणारा माणूसच त्या संकटात सापडतो. कुटुंबाने एकमेकांना तारायचे असेल तर कुणाचे तरी पाय घट्ट राहिले पाहिजेत.

तिसरा आक्षेप शेतकरी आणि छोट्या व्यावसायिकांचा: दरमहा ठरलेला आकडा पगारदारांना ठीक, ज्यांची कमाई पावसावर आणि बाजारभावावर आहे त्यांनी काय करायचे? त्यांनी रकमेऐवजी हिस्सा ठरवावा. माल विकून पैसा हाती आल्यावर आधी पुढच्या हंगामाचे बी-बियाणे, खते आणि कर्जाचा हप्ता बाजूला काढावा, आणि उरलेल्याचा ठरलेला भाग घराकडे द्यावा. इथे शहरातल्या भावाबहिणींनीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. गावी राहिलेला भाऊ आई-वडिलांना सांभाळत असेल तर त्याला जाणारे पैसे उपकार नाहीत. तो आपल्या वाट्याचे कामही करतो आहे. ती रक्कम घरनिधीतून देऊ नये, कर्तव्याच्या रकान्यातून द्यावी आणि तशीच सांगावी. मर्यादा आखताना कधीकधी असेही दिसते की आपण जास्त देत नव्हतो, कमी देत होतो.

राहिली नाती तुटण्याची भीती. सुरुवातीला काही नाती ताणली जातील, हे मान्य करूनच पुढे जावे. एखादा कार्याला बोलावणार नाही, एखादा चारचौघांत बोलून दाखवेल. अशा वेळी सगळ्यांना एकच नियम लावलेला असणे हेच तुमचे बळ. एका मामाला सही नाकारली आणि दुसऱ्याला दिली तर पहिल्याचा राग रास्त ठरतो. वर्षभर दर ५ तारखेला पैसे पोचत राहिले, घरनिधीतून जमेल तेवढे विनातक्रार दिले गेले, आणि सहीला सर्वांनाच सारखे उत्तर मिळाले, की बहुतेक माणसे तुमची पद्धत धरून चालू लागतात. उसने पैसे बुडाल्यामुळे किंवा जामिनाच्या वसुलीमुळे जे अबोले धरले जातात, ते मात्र पुढच्या पिढीपर्यंत जातात. त्या तुलनेत एका स्पष्ट वाक्याची किंमत कमी आहे.

आकडा एकदा ठरवून कायमचा ठेवायचा नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये पगारवाढीनंतर किंवा पाडव्याला घरी सगळे जमल्यावर तो पुन्हा मांडावा. पगार वाढला तर आई-वडिलांची रक्कम वाढवावी, कर्ज फिटले तर घरनिधी वाढवावा, नोकरीवर गदा आली तर तेही त्याच बैठकीत मोकळेपणाने सांगून तो कमी करावा. या महिन्यात एवढे तीनच करा: वर्षभराचे खातेउतारे काढून चार रकाने भरा, क्रेडिट रिपोर्टमध्ये आपल्या सह्या तपासा, आणि घरासाठीचे खाते उघडून त्यात पहिली रक्कम टाका. पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा तुम्हाला भिडेपोटी ‘हो’ म्हणावे लागणार नाही आणि अपराधी वाटून ‘नाही’ही म्हणावे लागणार नाही. काय शक्य आहे ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि जे द्याल ते मनापासून देता येईल.